गणपतीआधी विमा: न्यू जर्सीतल्या मंडळाच्या नव्या कार्यकारिणीसाठी

मंडळाची निळी फाइल मी गेल्या रविवारी नव्या खजिनदारांच्या हातात दिली. बारा वर्षं ती माझ्या जेवणघरातल्या कपाटात होती, पोह्यांच्या डब्याच्या वर. त्यांनी उघडून पाहिली आणि म्हणाले, "काकू, यात देणगीच्या पावत्या कमी आणि विम्याचेच कागद जास्त आहेत. दीड दिवसाच्या गणपतीला एवढं लागतं?" उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून काढते आहे. हे न्यू जर्सीपुरतं आहे. दुसऱ्या राज्यातल्या मंडळांनी मुदती आणि कायदे आपापल्या राज्याचे बघावेत. आणि मी वकील नाही, सांगलीहून बी.कॉम. होऊन आलेली, इथे पगारपत्रकं करणारी बाई आहे.

माझ्या वडिलांची तासगावच्या कोर्टात बांधाची केस होती. दोन हात बांधासाठी अठरा वर्षं तारखा. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये" असं म्हणत म्हणत वडील दर महिन्याला ती पायरी चढायचे. अमेरिकेत आले तेव्हा वाटलं, ही ब्याद मागे राहिली. इथे वेगळं आहे हे खरंच, कारण बहुतेक दावे ज्युरीपुढे जातच नाहीत, विमा कंपनी मध्ये पडते, पैसे देते, मिटवते. पण त्या न चढलेल्या पायरीचं भाडं आपण सगळे आगाऊ भरत असतो. हॉलच्या भाड्यात, विम्याच्या हप्त्यात, डॉक्टरच्या बिलात, आणि जे कार्यक्रम आपण करायचेच सोडून दिले त्यांत. हे भाडं कमीत कमी कसं पडेल ते सांगते.

हॉल धरण्याच्या आधी

शाळेचं ऑडिटोरियम मागितलं की पहिल्याच ईमेलमध्ये 'सीओआय' मागतात. म्हणजे सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, आपल्याकडे लायेबिलिटी विमा (आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा) आहे याचा एक पानी दाखला. आकडा बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: एका घटनेला १० लाख डॉलर, वर्षाला मिळून २० लाख. शिवाय शाळेला आपल्या पॉलिसीत 'अॅडिशनल इन्शुअर्ड' करून घ्यावं लागतं, म्हणजे आपल्या कार्यक्रमात कुणी पडलं आणि शाळेवरही दावा झाला तर शाळेची बाजूही आपल्याच विमा कंपनीनं लढवायची.

पहिल्या वर्षी मी दाखल्यावर शाळेचं नाव घातलं. बरोबरच वाटलं मला, कार्यक्रम शाळेत होता ना. शुक्रवारी दुपारी साडेतीनला फोन आला की नाव चुकलं, शाळा ही कायद्यानं कुणीच नाही, जागेची मालक गावाची बोर्ड ऑफ एज्युकेशन. शनिवारी सकाळी आठला मूर्ती येणार, साडेतीनशे लोकांचा मसालेभात सांगितलेला, आणि आमचा विमा एजंट सुट्टीला पोकोनोच्या डोंगरात निघालेला. त्यानं गाडी पेट्रोल पंपावर लावून फोनवरून नवा दाखला काढून दिला म्हणून गणपती बसले. तेव्हा नाव भाडेकरारात जसं छापलं आहे तसंच, स्वल्पविरामासकट घाला. आणि दाखला दहा दिवस आधी पाठवा, आदल्या दिवशी नव्हे.

शाळा एवढी का घाबरते? कारण इथे कुणी पडलं की वकील एकट्या मंडळावर दावा लावत नाही. शाळा, बोर्ड, मंडळ, केटरर, फरशी पुसणारी कंपनी, ज्याच्याज्याच्याकडे विमा असण्याची शक्यता आहे त्या सगळ्यांची नावं एका ओळीत येतात. कुणाची चूक किती, ते नंतर ठरतं. म्हणून जे शाळा आपल्याला करते तेच आपण पुढच्याला करायचं: केटररकडून, साउंडवाल्याकडून, मांडववाल्याकडून त्यांचा सीओआय घ्या आणि त्यात मंडळाचं नाव अॅडिशनल इन्शुअर्ड म्हणून घालून घ्या. ओळखीचा केटरर "काय ताई, आपल्यात हे कशाला" म्हणेल. हसायचं, चहा द्यायचा आणि कागद मागायचा.

पॉलिसी एका दिवसाचीही मिळते, वर्षाचीही. वर्षात तीनपेक्षा जास्त कार्यक्रम असतील तर वर्षाची परवडते असा माझा हिशेब. पॉलिसीत काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी वाचा. 'एक्स्क्लुजन्स' हे पान सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आमच्यात हवा भरलेले उड्यांचे किल्ले नाहीत, आतषबाजी नाही, दारू नाही, खेळात भाग घेणाऱ्याला झालेली इजा नाही. क्रिकेटचा दिवस ठेवाल तर त्याचा विमा वेगळा घ्यावा लागेल. लेझीम हा खेळ की नाच, यावर मी एजंटशी चाळीस मिनिटं बोलले आहे. शेवटी त्यानं ईमेलवर लिहून दिलं: नाच. तो ईमेल फाइलमध्ये हिरव्या खुणेच्या मागे आहे, जपा.

ढोल-ताशा आणि सह्यांचे कागद

पथकातल्या प्रत्येकाकडून वेव्हरवर सही घ्या. "मला इजा झाली तर मंडळावर दावा करणार नाही" असा तो कागद. मोठ्यांच्या बाबतीत त्याचा उपयोग होऊ शकतो. मुलांच्या बाबतीत फार भरवसा ठेवू नका. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं २००६ साली, एका स्केटबोर्ड पार्कच्या खटल्यात, सांगितलं की आईबापांनी आधी सही करून मुलाचा दाव्याचा हक्क सोडून देता येत नाही. त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती, वाद कोर्टाऐवजी लवादापुढे नेण्याची आईबापांची कबुली मात्र चालते. म्हणजे कागद अगदी फुकट नाही, पण ढाल म्हणून तो पातळ आहे. मुलांसाठी खरी ढाल म्हणजे दोन मोठी माणसं सतत तिथे उभी असणं आणि ढोलाचे पट्टे आदल्या दिवशी ओढून बघणं.

इथे इजेचा दावा करायची मुदत दोन वर्षं. पण मूल असेल तर ही दोन वर्षं ते अठरा वर्षांचं झाल्यावर सुरू होतात. आज सहा वर्षांची मुलगी स्टेजवरून पडली तर तिचा कागद चौदा वर्षं सांभाळायचा. फाइल एवढी जाड का, याचं हे एक उत्तर.

वीस डॉलरची ज्युरी

हे सगळं असं का, ते समजून घ्या, म्हणजे राग जरा कमी येईल.

तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक, इथे हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या वकिलाची फी द्यायची पद्धत सहसा नाही. ज्यानं त्यानं आपापली भरायची. इंग्लंडमध्ये उलट आहे. त्यामुळे खोट्या दाव्याविरुद्ध जिंकूनही आपण वकिलाच्या बिलापुरते हरलेले असतो, आणि विमा कंपनी हिशेब करते की लढण्यापेक्षा मिटवणं स्वस्त. दोन, जखमी माणसाचा वकील आधी पैसे घेत नाही. मिळालेल्या रकमेचा साधारण तिसरा हिस्सा त्याचा, काही मिळालं नाही तर फी नाही. तीन, ज्युरी. राज्यघटनेची सातवी दुरुस्ती १७९१ची. संघीय कोर्टात वीस डॉलरच्या वरच्या वादाला ज्युरीचा हक्क देते, आणि ती रक्कम आजही वीसच आहे. आपल्या महाप्रसादाचं कुपन बावीस डॉलरला आहे.

शिवाय टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, दिसणाऱ्या वकिलांच्या पाट्या. "अपघात झाला? फोन करा." १९७७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अॅरिझोनाच्या एका खटल्यात वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली, त्याच्या आधी या पाट्या नव्हत्या.

आता जेवणाच्या टेबलावरची गोष्ट. दर कार्यक्रमात कुणीतरी सांगतंच: एका बाईनं मॅकडोनल्ड्सची कॉफी अंगावर सांडली आणि लाखो डॉलर मिळवले, काय हा देश! मीही हसायचे. मग एकदा माहिती काढली. १९९२ साल, न्यू मेक्सिकोतलं आल्बुकर्की. ७९ वर्षांच्या आजी, थांबलेल्या गाडीत बसलेल्या, गाडी चालवत नव्हत्या. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सियस ठेवण्याची कंपनीची पद्धत. मांड्या इतक्या भाजल्या की कातडी लावावी लागली, आठ दिवस दवाखान्यात. त्यांनी आधी मागितले २० हजार डॉलर. कंपनीनं देऊ केले ८००. त्याआधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या. ज्युरीनं १९९४ साली आजींचीही २० टक्के चूक धरली, आणि दंड म्हणून जे २७ लाख ठोठावले ते न्यायाधीशांनी ४ लाख ८० हजारांवर आणले. पुढे दोघांत गुपचूप तडजोड झाली. आता ती गोष्ट निघाली की मी हे सगळं सांगते आणि जेवणाची मजा घालवते.

उलटी उदाहरणंही आहेत. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये एका प्रशासकीय न्यायाधीशानं हरवलेल्या पँटसाठी कोरियन जोडप्याच्या लाँड्रीवर दावा लावला, आधी ६ कोटी ७० लाखांचा, मग ५ कोटी ४० लाख डॉलरचा. २००७ साली तो हरला. पण तोवर त्या जोडप्याची दोन वर्षं आणि वकिलाचा खर्च झालेला होता, लोकांच्या वर्गणीतून तो भागला. ते दुकान त्यांनी सोडलं. जिंकूनही.

नारळ

आता आमचं. सगळ्यांनी वाचावं म्हणून हे लांब लिहिते.

२०१६ची आरती झाली. सभागृहाच्या दाराशी, प्लास्टिकच्या गुळगुळीत फरशीवर, दगड ठेवून नारळ फोडले. अकरा नारळ. पाणी वाहिलं. प्रसादाच्या रांगेतल्या एक काकू, साठीच्या, नेहमी आमच्या पुरणपोळ्यांना मदत करणाऱ्या, घसरल्या आणि मनगट मोडलं. आम्ही काय केलं? सगळे धावले. कुणी बर्फ आणला. एका मुलीनं लगेच फरशी पुसली, फोटो काढायचं सुचलं नाही. अध्यक्ष चारचौघांत दोनदा म्हणाले, "चूक आमचीच आहे हो." अॅम्ब्युलन्स नको म्हणून कुणीतरी आपल्याच गाडीतून त्यांना घेऊन गेलं. मायेनं केलं सगळं, आणि विम्याच्या दृष्टीनं जवळजवळ सगळं चुकीचं.

पाच महिन्यांनी वकिलाच्या ऑफिसचं पत्र आलं. मंडळात एकच वाक्य फिरलं: "काकूंनी आपल्यावर केस केली!" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे कुणी बघेना. तिळगूळ सुद्धा जपून दिला गेला.

खरं काय झालं होतं ते मला वर्षानं कळलं. काकूंच्या यजमानांच्या कंपनीचा आरोग्य विमा, कंपनीच्याच पैशातून चालणारा, मोठ्या कंपन्यांचा असतो तसला. शस्त्रक्रियेचं बिल आल्यावर त्या प्लॅननं एक फॉर्म पाठवला: इजा कुठे झाली, कुणाच्या जागेत, कुणाच्या चुकीनं? असल्या प्लॅनना संघीय कायद्याखाली दुसऱ्याकडून वसूल झालेल्या पैशांतून आपला खर्च परत मागता येतो. आणि त्याआधी डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम, म्हणून हजारो डॉलर काकूंच्याच खिशातून गेले होते. त्या पाळणाघरात कामाला. प्लास्टरचा हात घेऊन मूल उचलता येत नाही, म्हणून दहा आठवडे पगार नाही. मुलानं वकील गाठला. फुकट दवाखाना नाही, हातात पगार नाही. अशा वेळी माणसाला उरतो तो दुसऱ्याचा विमा, आणि त्याचं कुलूप फक्त दाव्यानं उघडतं.

२०१५ साली कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या कोर्टात एका मावशीनं आपल्या भाच्यावर लावलेला १ लाख २७ हजार डॉलरचा दावा चालला. आठव्या वाढदिवसाला त्यानं धावत येऊन मिठी मारली आणि तिचं मनगट मोडलं, म्हणून. जगभर तिची छी थू झाली. ज्युरीनं पंचवीस मिनिटांत दावा फेटाळला. तिच्या वकिलांचं म्हणणं असं की घराच्या विमा कंपनीनं एक डॉलर देऊ केला होता आणि कायद्याप्रमाणे नाव त्या पोराचंच घालावं लागत होतं. आमच्या काकूंचं झाल्यावर मला ती मावशी वेगळी दिसायला लागली.

आमचं प्रकरण दोन वर्षांची मुदत संपायच्या तीन आठवडे आधी कोर्टात दाखल झालं आणि नंतर सहा महिन्यांत मिटलं. विमा कंपनीनं जी रक्कम दिली तिच्यातला तिसरा हिस्सा वकिलाचा, कागदपत्रांचा खर्च वेगळा, मग आरोग्य प्लॅननं आपला वाटा उचलला. काकूंच्या हातात निम्म्याहून कमी पडलं. हे काही आमच्यापुरतं नाही. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २००६ साली डॉक्टरांवरच्या १,४५२ दाव्यांच्या फायली तपासून मांडलं होतं की भरपाईच्या प्रत्येक डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ साक्षीदार आणि कोर्टकचेरीवर खर्च होतात.

मंडळाचा हप्ता पुढच्या वर्षी दीडपटीच्या वर गेला. काकू दोन वर्षं आल्या नाहीत. विमा कंपनीनं आम्हाला बजावलं होतं की प्रकरणाबद्दल त्यांच्याशी बोलू नका. माझ्या दोन मैत्रिणींनी याचा अर्थ 'बोलूच नका' असा घेतला. मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले आणि आम्ही तासभर लिंबाच्या लोणच्याबद्दल बोललो. त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

कुणी पडलं तर

पडलेल्या माणसाला आधी बघा. ९११ लावा, आपल्या गाडीतून नेऊ नका, वाटेत काही झालं तर ते तुमच्या गाडीच्या विम्यावर येतं. "लागलं का हो, काळजी करू नका" हे मनापासून म्हणा. "चूक आमची" म्हणू नका, कारण चूक कुणाची हे तुम्हाला त्या क्षणी माहीतही नसतं. शाळेची मॅट सरकली असेल, चपलेचा तळ झिजला असेल. फरशीचा फोटो काढा, मगच पुसा. कुणी पाहिलं त्यांची नावं, वेळ, दिवे चालू होते का, सगळं त्याच रात्री लिहा. अनुभवानं सांगते, दोन दिवसांनी प्रत्येकाला वेगळं आठवतं. लिहिताना फक्त दिसलं ते लिहा, मत नको.

विमा कंपनीला दुसऱ्याच दिवशी कळवा, दावा होईल असं वाटत नसलं तरी. उशिरा कळवलं म्हणून हात वर करायची संधी देऊ नका. मग समोरच्या वकिलाचा फोन आला तर नम्रपणे विमा कंपनीचा नंबर द्या आणि फोन ठेवा. तो गोड बोलेल. त्याचं काम आहे ते.

समन्स

समन्स माझ्या घरी आलं. साबुदाणा भिजत घातला होता, बेल वाजली, एका मुलानं माझं नाव विचारलं आणि हातात जाडजूड पाकीट ठेवलं. मला वाटलं माझं घर जाणार. घाबरू नका. न्यू जर्सीच्या सुपीरिअर कोर्टात उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात, संघीय कोर्टात २१. पाकीट त्याच दिवशी विमा कंपनीला पाठवा, वकील ते नेमतात आणि फी ते भरतात. कंपनीकडून "आमचे हक्क राखून" अशा भाषेचं पत्र येईल, म्हणजे लढतो, पण पुढे ही घटना पॉलिसीत बसत नाही असं निघालं तर बघू. ते पत्र नीट वाचा, शंका असेल तर स्वतःच्या वकिलाला दाखवा.

एक गोष्ट बहुतेक मंडळं विसरतात. राज्याकडे मंडळाचा नोंदणीकृत पत्ता असतो आणि तो सहसा जुन्या कुठल्यातरी अध्यक्षांच्या घराचा असतो. ते टेक्ससला गेले, पाकीट परत गेलं, आपल्याला पत्ताच नाही, आणि कोर्टानं एकतर्फी निकाल दिला असं होऊ शकतं. दर निवडणुकीनंतर तो पत्ता बदला. सध्या तो माझा आहे. या महिन्यात बदलून घ्या.

आपल्या बाजूला कायदे अगदी नाहीत असं नाही. न्यू जर्सीचा चॅरिटेबल इम्युनिटी कायदा धार्मिक, धर्मादाय आणि शैक्षणिक संस्थांना, त्यांचा लाभ घेणाऱ्यांनी लावलेल्या निष्काळजीपणाच्या दाव्यांपासून संरक्षण देतो. आपण त्यात बसतो का, यावर वाद घालता येतो: गणपती धार्मिक, पण लावणी? वाद घालायलाच वकील लागतो, म्हणून विमा. आणि १९९७चा संघीय व्हॉलंटिअर प्रोटेक्शन कायदा पगार न घेणाऱ्या कार्यकर्त्याला साध्या चुकीसाठी वैयक्तिक जबाबदारीतून सोडवतो. मोटार चालवताना झालेल्या चुकीला मात्र नाही. मूर्ती आणणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरनं हे ध्यानात ठेवावं. कार्यकारिणीत असाल तर घराच्या विम्यावर अंब्रेला पॉलिसी, म्हणजे त्या विम्याची मर्यादा संपली की वरचं देणारी, घ्या, हे माझं वैयक्तिक मत.

जे आपण सोडून दिलं

दरवर्षी दिवाळीआधी आमच्यातले डॉक्टर रक्तदाब आणि साखर तपासायचे. पाहुणे आलेले आईवडील रांग लावायचे, कारण इथे त्यांना डॉक्टर परवडत नाही. एका वर्षी एका डॉक्टरांच्या विमा कंपनीनं कळवलं की दवाखान्याबाहेरचं काम पॉलिसीत नाही. मग दुसऱ्यांनी विचारलं, तिसऱ्यांनी विचारलं, आणि शिबिर बंद झालं. कुणी दावा लावला नव्हता. कुणी धमकीही दिली नव्हती. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

देशाच्या पातळीवर असंच घडलं आहे. कॅन्ससच्या सेस्ना कंपनीनं १९८६ साली एका इंजिनाची छोटी पिस्टन विमानं बनवणं थांबवलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणून दाव्यांचा खर्च सांगितला. १९९४ साली कायदा आला की अठरा वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानाबद्दल बनवणाऱ्यावर सहसा दावा नाही. त्यानंतर उत्पादन पुन्हा सुरू झालं. लशींचंही तेच. १९८०च्या दशकात ट्रिपल लशीवरच्या दाव्यांनी कंपन्या मागे हटायला लागल्या, तेव्हा १९८६च्या कायद्यानं वेगळी व्यवस्था केली: लशीवर कर (आता लस ज्या रोगांपासून वाचवते त्यातल्या प्रत्येकामागे ७५ सेंट), त्यातून इजा झालेल्यांना भरपाई, चूक कुणाची हे सिद्ध न करता. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. नारळाच्या पाण्यासाठीही असं काही असतं तर काकू दोन वर्षं दुरावल्या नसत्या.

आकडा हवा असेल तर यू. एस. चेंबर ऑफ कॉमर्सच्या संस्थेनं २०२२ सालचा इजा-नुकसानीच्या दाव्यांचा देशभरचा खर्च ५२९ अब्ज डॉलर काढला, म्हणजे घरटी ४,२०७ डॉलर. हा आकडा वापरताना सांगणाराही बघा. ती उद्योगांची संघटना आहे, तिला दावे कमीच हवेत. दुसरीकडे, राज्यांच्या कोर्टांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय केंद्रानं २०१५ साली मांडलं की दिवाणी प्रकरणांत इजेचे दावे जेमतेम ७ टक्के. ६४ टक्के करारांचे, आणि त्यांत मोठा वाटा कर्जवसुलीचा. तीन चतुर्थांश निकाल ५,२०० डॉलरच्या आतले. म्हणजे इथली कोर्टं ज्यांनी भरली आहेत ते कॉफी सांडलेल्या आज्या नव्हेत, थकलेल्या क्रेडिट कार्डाचे पैसे मागणाऱ्या कंपन्या आहेत. नव्यानं आलेल्यांना हे आवर्जून सांगा: दवाखान्याच्या बिलावरून वसुलीवाल्याचं समन्स आलं तर ते कचऱ्यात टाकू नका, तारखेला हजर राहा. हजर न राहिल्यानंच लोक हरतात.

आणि कधी आपलेच पैसे अडकले तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांचं कोर्ट आहे, २०२२पासून मर्यादा ५,००० डॉलर. वकील लागत नाही. डेकोरेशनवाल्याकडे अडकलेले अकराशे डॉलर मी तिथे जाऊन, पावत्या दाखवून सोडवले. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना की एका सकाळीत निकाल लागला.

बाकी सामान: नारळ फोडायची स्टीलची परात आणि रबरी मॅट माझ्या गॅरेजमध्ये उजव्या हाताला. नारळ आता परातीतच फोडायचे, दाराशी नाही. कापूर शाळेत चालत नाही, विजेच्या निरांजनाच्या बॅटऱ्या संपल्या आहेत, सहा आणा. मोदकांच्या ट्रेवर काजू, शेंगदाणे, दूध यांच्या चिठ्ठ्या लावा, छापील नमुना फाइलच्या शेवटी आहे. काकू या वर्षी पुरणपोळ्यांना येणार आहेत, त्यांना बसायला पाठ असलेली खुर्ची ठेवा.